घटक ४ : मराठीचा वर्ग आणि यंत्र – भावी शिक्षकाची तयारी

४.१ प्रास्ताविक

आपल्यापैकी अनेक जण पदवी पूर्ण झाल्यावर डी.एल.एड. किंवा बी.एड. करून शिक्षक होण्याचा विचार करीत असतील. काही जण आजही शिकवणीवर्गात वा बालवाडीत शिकवीत असतील. अध्यापनाच्या प्रशिक्षणात ‘तंत्रज्ञानाचा वापर’ हा शब्दप्रयोग आपल्याला पुन्हा पुन्हा भेटणार आहे. पाठ टाचणात त्यासाठी रकाना असेल, पाठनिरीक्षणाच्या तक्त्यात त्याला गुण असतील. मराठी शिकवणाऱ्या शिक्षकाच्या बाबतीत या शब्दप्रयोगाचा नेमका अर्थ काय, हे या घटकात पाहू. आरंभ एका पाठापासून करतो.

पुण्याच्या पेठांतील एका शाळेत काही वर्षांपूर्वी मी पाठनिरीक्षणासाठी बसलो होतो. सहावीचा वर्ग होता. छात्राध्यापिका तिशी ओलांडलेल्या, संसाराच्या खंडानंतर पुन्हा शिक्षणाकडे वळलेल्या होत्या. पाठाचा विषय होता, उच्चार बदलला की अर्थ कसा बदलतो. त्यांनी मोठ्या कष्टाने स्लाइड तयार केल्या होत्या. पडद्यावर डावीकडे समुद्राचे चित्र आले, उजवीकडे सह्याद्रीतील घाटांचे. आणि दोन्ही चित्रांखाली एकच शब्द होता : ‘दर्या’. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, “बाई, दोन्हीकडे सारखंच लिहिलंय.” बाई क्षणभर गोंधळल्या. मग त्या फळ्याकडे वळल्या, खडू घेतला आणि एकाखाली एक ‘दर्या’ व ‘दऱ्या’ असे दोन शब्द लिहून त्यांनी ते म्हणून दाखवले. दोन मिनिटांत वर्गाला भेद समजला.

तास संपल्यावर गुणांची चर्चा झाली. माझ्या सहनिरीक्षकांनी ‘तंत्रज्ञानाचा वापर’ या रकान्यात पैकीच्या पैकी गुण दिले होते, कारण प्रोजेक्टर चालला होता आणि चित्रे सुरेख होती. ‘आशयज्ञान’ या रकान्यातील गुण मात्र त्यांनी कापले होते, कारण शब्द चुकला होता. हे गुण उलट्या रकान्यांत पडले, असे माझे तेव्हा मत होते व आजही आहे. बाईंचे आशयज्ञान पक्के होते. खडू हातात येताच ते दिसले. उणीव होती ती यंत्रावर ‘ऱ’ उमटवण्याच्या ज्ञानाची, म्हणजे तंत्रज्ञानाचीच. आपण प्रकाशझोताला तंत्रज्ञान म्हणतो आणि कळफलकाला म्हणत नाही.

अध्यापनशास्त्रात ‘आशययुक्त अध्यापन पद्धती’ ही संकल्पना आता रुळलेली आहे. विषय येणे वेगळे, शिकवता येणे वेगळे, आणि तो विशिष्ट विषय शिकवण्याचे ज्ञान हे आणखी तिसरेच, हा विचार ली शुलमन या अमेरिकी अभ्यासकांनी १९८६ साली मांडला. पुण्य मिश्र आणि मॅथ्यू कोहलर यांनी २००६ साली त्यात तंत्रज्ञानाची भर घातली. त्यांचे प्रतिपादन थोडक्यात असे, की ‘संगणक येणे’ ही सुटी पात्रता शिक्षकाला पुरत नाही. आपल्या विषयात यंत्र नेमके कोठे साहाय्य करते आणि कोठे अडवते, हे त्याला कळले पाहिजे. भूगोलाच्या शिक्षकाचा अडथळा वेगळा, आपला वेगळा. आपला विषयच भाषा आहे. आणि यंत्राच्या पडद्यावर दिसते, त्याच्या ध्वनिवर्धकातून ऐकू येते तीही भाषाच असते. त्यामुळे यंत्राची चूक ही आपल्या विषयातील चूक ठरते. गणिताच्या स्लाइडवर ‘दर्या’ चुकला तर निभावते. मराठीच्या तासाला तो चुकला तर पाठच कोसळतो.

४.२ यंत्रापुढे वाकलेली लिपी

लिपी आणि यंत्र यांची ओढाताण संगणकाबरोबर सुरू झालेली नाही. मोडी ही बोरू फारसा न उचलता झरझर लिहिण्याची लिपी. शतकानुशतके हिशेब, पत्रव्यवहार, दफ्तरे तिच्यात लिहिली गेली. मोडीचे खिळे पाडून छपाई करण्याचे प्रयत्न झाले, तरी एकमेकांत गुंतणारी तिची वळणे सुट्या खिळ्यांना मानवणारी नव्हती. छापखान्याने बाळबोध उचलली, शाळेची पुस्तके बाळबोधीत आली, आणि विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी शाळेतून बाहेर पडली. आज पुण्यातील पेशवे दफ्तरातील कागद वाचायचे, तर मोडीचा वर्ग वेगळा लावावा लागतो.

पुढे टंकलेखन यंत्र आले. त्यावर कळा मोजक्या आणि आपली जोडाक्षरे अगणित. ‘द्ध’, ‘ट्ट’, ‘ङ्क’ यांसारखी अक्षरे पाय मोडून सुटी सुटी लिहिण्याची सवय पुष्कळशी या कळांच्या टंचाईतून आली. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी लिपिशुद्धीच्या चळवळीत ‘अ’च्या बाराखडीचा पुरस्कार केला. ‘इ, ई, उ, ऊ’ ही स्वतंत्र चिन्हे न ठेवता ‘अि, अी, अु, अू’ असे लिहावे, या सूचनेमागील एक प्रमुख कारण छपाईची आणि टंकलेखनाची सोय हेच होते. ती बाराखडी सार्वत्रिक झाली नाही. मात्र यंत्राला झेपत नाही म्हणून लिपी बदलावी, हा विचार त्या काळी किती स्वाभाविक वाटत होता, हे तिच्यावरून समजते.

ही दिशा उलटवण्याच्या कामात पुण्याचा वाटा मोठा आहे. प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, ही संस्था १९८८ साली पुण्यात स्थापन झाली. ‘परम’ महासंगणकामुळे तिचे नाव सर्वतोमुखी झाले. भाषेच्या विद्यार्थ्याला तिचे दुसरे काम अधिक मोलाचे वाटावे : कानपूरच्या आय.आय.टी.त बीज रुजलेले ‘जिस्ट’ हे भारतीय लिप्यांचे तंत्रज्ञान तिने वाढवले. त्यामागील तत्त्व साधे आणि भाषावैज्ञानिकदृष्ट्या अतिशय समर्पक आहे. अक्षराचा आकार यंत्रात साठवायचा नाही. उच्चाराच्या क्रमाने वर्ण साठवायचे, आणि त्यांचा आकार कसा जुळवायचा हे काम यंत्रावर सोपवायचे. १९९१ साली याच तत्त्वावरील ‘इस्की’ ही संकेतप्रणाली भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाली. आज आपल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असलेल्या युनिकोडमधील देवनागरीची मांडणीही इस्कीच्याच आधीच्या, १९८८च्या रूपावर आधारलेली आहे.

हे तत्त्व समजून घेण्यासाठी ‘कि’ हे अक्षर पाहा. कागदावर पहिली वेलांटी ‘क’च्या डावीकडे येते. जुन्या टंकलेखन यंत्रावर ती आधीच टंकावी लागे. युनिकोडमध्ये आधी ‘क’ टंकायचा, मग वेलांटी. पडद्यावर ती आपोआप मागे सरकते. मुलांना या गोष्टीची मोठी गंमत वाटते, आणि ‘वेलांटी मागे का गेली?’ असा प्रश्न वर्गात हमखास येतो. उत्तर आपल्या पूर्वापार घोकंपट्टीत आहे. पंतोजींच्या शाळेतील मुले ‘क’ला वेलांटी ‘कि’ असेच म्हणत. म्हणजे व्यंजन आधी आणि स्वर नंतर, हा उच्चाराचा क्रम धूळपाटीवर शिकणाऱ्या मुलालाही ठाऊक होता. यंत्र हल्ली कोठे त्या पाठाला लागले आहे.

४.३ कळफलक : पहिले कौशल्य

भावी मराठी शिक्षकाने तंत्रज्ञानातील पहिली गोष्ट कोणती शिकावी, असे मला विचारले तर मी स्लाइड, चित्रफीत, खेळ यांपैकी काहीही सांगणार नाही. मराठी अचूक टंकता येणे, हे माझे उत्तर आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी एम.एस.-सी.आय.टी. केलेले असेल, पुण्याच्याच महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने तो अभ्यासक्रम खेडोपाडी नेला. तरीही रोजच्या सवयीने बहुतेक जण रोमन अक्षरे टंकून मराठी उमटवतात. निरोप पाठवण्यापुरते ते ठीक आहे. शिक्षकाला त्यातून एक धोका संभवतो. रोमन लिपीत ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’, ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांचे लेखन एकच होते, आणि यंत्राला अंदाज करावा लागतो. पुष्कळदा योग्य रूप सूचनांच्या पट्टीत दुसऱ्या वा तिसऱ्या जागी असतेही. पण ते शोधायचे आहे हे ज्याला ठाऊक असते त्यालाच ते सापडते. लग्नपत्रिकेच्या मजकुरात ‘आचाऱ्यांना’ बोलावण्याऐवजी ‘आचार्यांना’ बोलावले, तर जेवणावळीचे काय होईल याची कल्पना करावी.

‘इनस्क्रिप्ट’ हा कळफलक सर्व भारतीय लिप्यांना समान आहे. त्यात डाव्या हाताला स्वर व त्यांच्या मात्रा आहेत, उजव्या हाताला मुख्यतः व्यंजने. ‘क’ची कळ शिफ्टसह दाबली की ‘ख’ उमटतो, ‘ग’च्या कळेवर ‘घ’, ‘प’च्या कळेवर ‘फ’. अल्पप्राण खाली आणि त्याचा महाप्राण त्याच्याच वर; ध्वनिविचाराच्या घटकात आपण पाठ केलेला वर्गीय व्यंजनांचा तक्ता येथे बोटांखाली येतो. आपल्या दृष्टीने त्याहून महत्त्वाच्या दोन कळा आहेत. ‘ल’च्या कळेवर शिफ्टसह ‘ळ’ आहे आणि ‘र’च्या कळेवर शिफ्टसह ‘ऱ’. म्हणून ‘दऱ्या’ टंकताना ‘द’, मग ‘ऱ’, मग पाय मोडण्याचे चिन्ह, मग ‘य’ आणि शेवटी काना, असा क्रम ठेवावा. मोबाइलच्या काही कळफलकांत ‘र’ दाबून धरला असता ‘ऱ’ समोर येतो. एक आठवडा रोज अर्धा तास दिला तर हा कळफलक हाताला बसतो. वयाची चाळिशी उलटलेल्या विद्यार्थ्यांनाही तो शिकताना मी पाहिले आहे, आणि व्याकरणाची बैठक असलेली प्रौढ मंडळी त्यात तरुणांच्या पुढे जातात, हेही पाहिले आहे.

‘ऱ्य’ आणि ‘र्य’ यांतील भेद केवळ लेखनाचा नाही. ‘दर्या’मध्ये ‘र्’ मागील अक्षरावर आदळतो, त्यामुळे ‘द’ जड होतो. ‘दऱ्या’मध्ये तो आघात नाही. वृत्तविचार आठवा : ‘दर्या’ची अक्षरे गुरू-गुरू, ‘दऱ्या’ची लघु-गुरू. एक चिन्ह चुकले की कवितेची मात्रा चुकते. हा भेद हिंदीला लागत नाही, संस्कृतला लागत नाही. तो मराठीला लागतो. मराठीच्या खास अशा गोष्टी यंत्रात सर्वांत शेवटी पोहोचतात आणि दुर्लक्ष झाले की सर्वांत आधी गळून पडतात. ‘ॲ’ हे अक्षर पाहा. ‘ॲप’, ‘ॲसिड’ यांतील हा स्वर आपण ‘अ’वर चंद्र देऊन लिहितो, तर हिंदीत तो ‘ए’वर चंद्र देऊन लिहिण्याची रीत आहे. मराठीच्या या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ साली. तोवर लोक मिळेल ते चिन्ह वापरीत होते, आणि जुन्या मजकुरात त्याच्या खुणा अजून आढळतात.

स्वयंअध्ययन : ‘शिक्षक’ हा शब्द टंका आणि मग मागे खोडण्याची कळ एकेकदा दाबत तो पुसा. किती वेळा दाबावी लागली, आणि ‘क्ष’ एकदम गेला की तुकड्यांनी, ते लिहून ठेवा. आपल्या दृष्टीने शब्दात तीन अक्षरे आहेत. यंत्राच्या दृष्टीने श, वेलांटी, क, पायमोड, ष, क अशी सहा चिन्हे आहेत. अक्षर आणि वर्ण यांतील फरक पाचवीच्या मुलाला समजावण्यासाठी याहून सोपे साधन माझ्या पाहण्यात नाही.

४.४ पडद्यावरचे अक्षर

पहिली-दुसरीच्या वर्गात हा विषय अधिक नाजूक होतो. मराठीच्या वळणात ‘ल’ पाकळीयुक्त आणि ‘श’ देठयुक्त लिहितात. बालभारतीच्या पुस्तकांत मूल हीच रूपे गिरवते. हिंदीच्या वळणात ‘ल’ दंडयुक्त असतो आणि ‘श’ शेंडीयुक्त. राज्य शासनाने २००९ सालच्या निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ व देठयुक्त ‘श’ ही रूपे अधिकृतपणे स्वीकारली आहेत. मात्र युनिकोडमध्ये दोन्ही ‘ल’ना मिळून एकच संकेतांक आहे. कोणता आकार दिसेल हे फॉन्टवर अवलंबून असते. बाजारातील बरेच फॉन्ट मूलतः हिंदीसाठी घडवलेले असल्यामुळे शिक्षकाने काहीही चुकीचे टंकले नसतानाही पडद्यावर परके अक्षर उभे राहते. नुकते वाचू लागलेले मूल पुस्तकातला ‘ल’ ओळखते, पडद्यावरच्या ‘ल’पाशी थबकते, आणि आपल्यालाच वाचता येत नाही असे समजते. मोठ्यांना तो भेद जाणवतही नाही, म्हणून मुलाची अडचण कोणाच्या ध्यानात येत नाही.

उपाय दोन आहेत. मराठी वळणाचा फॉन्ट निवडावा, हा पहिला. दुसरा उपाय फारसा परिचित नाही. काही फॉन्टांत दोन्ही वळणे दडलेली असतात, आणि मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवली की मराठी वळण प्रकट होते. धारिका तयार करताना भाषेची निवड हिंदीवर वा इंग्रजीवर राहिली, तर ते दिसत नाही. पाठाच्या आदल्या दिवशी शाळेच्या त्याच संगणकावर, त्याच पडद्यावर आपली स्लाइड एकदा उघडून पाहावी. घरी दिसलेले वळण शाळेत दिसेलच, याची शाश्वती नसते. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये केलेली प्रश्नपत्रिका दुसऱ्या यंत्रावर उघडली की अक्षरांच्या जागी रोमन चिन्हांचा कचरा दिसतो, हा अनुभव तर आपल्यापैकी अनेकांनी नोकरीच्या ठिकाणी घेतला असेल.

४.५ कानाचा तास

आतापर्यंत आपण डोळ्यांविषयी बोललो. भाषा मात्र आधी कानाची असते. लिहिलेला मजकूर वाचून दाखवणारे यंत्र आज प्रत्येक मोबाइलमध्ये आहे, आणि शिक्षक ते आदर्श वाचन म्हणून वर्गात लावू लागले आहेत. येथे सावध राहायला हवे. मराठीत च, ज, झ यांचे प्रत्येकी दोन उच्चार आहेत, तालव्य आणि दंततालव्य. लेखनात मात्र चिन्ह एकच. ‘चार’ या संख्येतील ‘च’ वेगळा, गुरांच्या ‘चाऱ्या’तील वेगळा. ‘जरा थांब’ यातील ‘जरा’ आणि वार्धक्य या अर्थाची ‘जरा’ यांचे लेखन एक असून उच्चार दोन आहेत. ‘माझा’ म्हणताना ‘झ’ दंततालव्य असतो आणि ‘माझी’ म्हणताना तालव्य होतो. पुढे ‘ई’ वा ‘य’ आला की हा बदल होतो, हे आपण बोलताना न चुकता करतो आणि नियम विचारला तर अडखळतो. यंत्राला हे सारे अर्थावरून व संदर्भावरून ताडावे लागते, आणि ते कधी ताडते, कधी चुकते.

या चुकीचा उपयोग करून घेता येतो. यंत्राकडून चार वाक्ये वाचून घ्यावीत आणि मुलांना म्हणावे, ‘कोठे चुकले ते पकडा.’ जी मुले ‘तालव्य’ हा शब्द ऐकून जांभई देतात, ती यंत्राची चूक पकडताना बाकावर उभी राहतात. ज्यांच्या घरी मराठी बोलली जात नाही अशी मुले आता पुण्याच्या प्रत्येक वर्गात आहेत. त्यांना मात्र या खेळात आधी योग्य उच्चार दोन-तीनदा ऐकवावा लागतो, नाही तर यंत्राची चूक हीच त्यांची मराठी होऊन बसते.

ज्या छात्राध्यापिकेच्या पाठापासून आपण सुरुवात केली, त्यांचा पुढचा पाठ मी पाहिला तो याच संदर्भातला. या खेपेस प्रोजेक्टर नव्हता. त्यांनी मुलांना आदल्या आठवड्यात एक काम दिले होते : घरातील किंवा शेजारच्या सर्वांत वयस्कर व्यक्तीकडून लहानपणीच्या स्वयंपाकघरातील पाच वस्तूंची नावे व त्यांचे उपयोग मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून आणायचे. वर्गात एकेक मुद्रण ऐकवले गेले. एकीची आजी बीडची, एकाची रत्नागिरीची, एका मुलाच्या आजोबांची बोली वऱ्हाडी. ‘काय म्हणाली ते पुन्हा लावा’ असे मुले म्हणत आणि बाई तेवढेच वाक्य मागे नेऊन पुन्हा ऐकवीत. मग तो उच्चार लिहायचा कसा, यावर वाद झाला. अर्ध्या वर्गाने एक लेखन केले, उरलेल्यांनी दुसरे. प्रमाण लेखन आणि बोलीचा उच्चार यांतील अंतर मुलांनी स्वतःच्या कानांनी मोजले. फोन एकच होता, बाईंचा; मुलांनी मुद्रणे त्यावर पालकांकरवी पाठवली होती. निरीक्षण तक्त्यातील ‘तंत्रज्ञानाचा वापर’ या रकान्याकडे सहनिरीक्षकांनी बराच वेळ पाहिले आणि काय लिहावे, असे मला विचारले.

अशा पाठासाठी तयार सामग्रीही उपलब्ध आहे. पुण्यातील डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण हाती घेतले असून, गावोगावच्या भाषकांच्या बोलण्याची मुद्रणे संकेतस्थळावर खुली केली आहेत. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणातील मराठीचा सातवा खंड १९०५ साली निघाला; तो छापील होता, आणि पुढे त्या सर्वेक्षणासाठी भारतीय भाषांच्या ध्वनिमुद्रिका करवून घेण्यात आल्या. त्या काळी ज्या कामाला सरकारी यंत्रणा लागली, ते आज सहावीतील मूल रविवारी दुपारी आजीजवळ बसून करू शकते.

४.६ तयार साहित्य आणि शिक्षक

सेनापती बापट रस्त्यावर बालभारती आहे. पाठ्यपुस्तक मंडळ १९६७ साली स्थापन झाले. त्याच रस्त्यावर १९८४ पासून बालचित्रवाणी होती. आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी दूरदर्शनवर तिचे कार्यक्रम पाहिले असतील. तेव्हा दूरचित्रवाणी हेच नवे तंत्रज्ञान होते. पुढे अनुदान आटले आणि संस्था बंद झाली. कार्यक्रम चांगले होते; अडचण अशी, की प्रक्षेपणाची वेळ आणि वर्गातील पाठाची वेळ यांचा मेळ क्वचितच बसे, आणि कार्यक्रम मधेच थांबवून ‘हे का झाले?’ असे विचारण्याची सोय शिक्षकाला नव्हती.

ती सोय आता आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडून त्यामागे कवितांची मुद्रणे व चित्रफिती ठेवल्या; पुढे बालभारतीच्या पुस्तकांतही कोड छापले जाऊ लागले, आणि डिसले यांना २०२० सालचा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाला. त्याच वर्षी शाळा बंद असताना महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या प्रतिष्ठानाने ‘टिलीमिली’ ही मालिका सह्याद्री वाहिनीवर आणली, तीही घराघरांत पोहोचण्यासाठी. कारण एकच फोन असलेल्या घरात तो फोन सकाळी वडिलांबरोबर कामावर जातो.

तयार चित्रफीत वर्गात सलग लावून शिक्षकाने मागे उभे राहणे, याला मी अध्यापन म्हणत नाही. ती कोठे थांबवायची हे पाठ टाचणात मिनिट-सेकंदासह लिहिलेले असावे. कवितेच्या मुद्रणात चाल इतकी ठसते की शब्द ऐकू येत नाहीत. म्हणून आधी शिक्षकाने स्वतःच्या आवाजात कविता वाचावी, चाल नंतर.

४.७ लिहून देणारे यंत्र

सांगितल्यावर निबंध लिहून देणारी यंत्रे आता मुलांच्या हाती आहेत. त्यांवर बंदी घालण्याचा आग्रह मला निरर्थक वाटतो. वहीत अचानक ‘महत्त्वपूर्ण भूमिका बजावते’ अशी वाक्ये रांगेने येऊ लागली की शिक्षकाच्या लक्षात येतेच. तसा एक निबंध फळ्यावर घ्यावा आणि मुलांना विचारावे, या निबंधातला पाऊस कोणत्या गावचा आहे? कोणत्याच गावचा नसतो. मग त्याच निबंधात आपल्या गल्लीतले, आपल्या वाड्यातले, आपल्या सोसायटीतले एकेक वाक्य घालायला सांगावे. याबरोबर कोश पाहण्याची सवय लावावी. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. वाईच्या मराठी विश्वकोशातील नोंदीही महाजालावर आहेत. ग्रंथालयात कपाटाला कुलूप असलेले हे खंड माझ्या विद्यार्थिदशेत मागून घ्यावे लागत. एक सूचना मात्र लक्षात ठेवावी : ‘ऱ्य’ यंत्रात दोन वेगळ्या पद्धतींनी साठवता येतो, एक ‘ऱ’ वापरून आणि दुसरी ‘र’नंतर अदृश्य जोडचिन्ह देऊन. दिसायला दोन्ही एक, पण शोधताना एका पद्धतीने टंकलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने साठवलेल्या मजकुरात सापडेलच असे नाही. शब्द मिळाला नाही तर ‘मराठीत तो नाही’ असे मुलांना सांगण्यापूर्वी दुसऱ्या रीतीने टंकून पाहावा.

४.८ क्षेत्रीय कार्य

जवळच्या शाळेतील मराठीच्या शिक्षकांची अनुमती घेऊन पुढील काम करा. दर्या, दऱ्या, आचार्यांना, आचाऱ्यांना, ऱ्हस्व, लिंबू, शाळा, ॲसिड, विद्यार्थी, तऱ्हा हे दहा शब्द आपल्या मोबाइलवर टंका. ते शाळेच्या संगणकावर पाठवून पडद्यावर उघडा. ‘ल’ आणि ‘श’ यांचे वळण पहिलीच्या बालभारतीशी ताडून पाहा. मग हेच शब्द यंत्राकडून वाचून घ्या आणि ‘दर्या-दऱ्या’ या जोडीत ऐकताना फरक जाणवतो का, ते पाचवीच्या दोन मुलांना विचारा. मुलांनी काय सांगितले ते त्यांच्याच शब्दांत नोंदवा आणि आपली नोंदवही पुढील संपर्कसत्राला घेऊन या. फळा व खडू तेथे असेलच.